शून्याचा दाखला

मंगळवार, एकोणतीस ऑगस्ट. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. धामणखेडच्या प्राथमिक शाळेत चुलीवरून उतरवलेली खिचडी पोरांच्या ताटात पडली नाही, शाळेमागच्या खड्ड्यात पडली. चौऱ्याऐंशी पोरांची खिचडी. पोरामागं शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे आठ किलो चारशे ग्रॅम, वर मूगडाळ, तेल, हळद. खड्ड्यावर दोन घमेली मुरूम टाकला गेला. पातेलंही गाडून टाकायचं ठरत होतं, पण ते सरकारी मालकीचं असल्यामुळे मुख्याध्यापक इंद्रभान सरांनी ते अडवलं. पोरांना बिस्किटाचे पुडे वाटले आणि अकराच्या आत शाळा सोडली.

खिचडी शिजवणारीचं नाव अन्नपूर्णाबाई. वय त्रेचाळीस. या चुलीवर अकरा वर्षं. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष उकंडराव यांनी तिला हातातला डाव खाली ठेवायला सांगितला. तो त्यांनी स्वतः उचलला नाही, काठीने बाजूला सरकवला.

शाइस्ता मॅडमना हे कळलं ते दुपारी सव्वादोन वाजता. जानेफळच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्या फिजिक्स शिकवत. बारावीचं प्रॅक्टिकल आटोपून त्या फाटकाबाहेर आल्या, तर लिंबाखाली एक बाई उभी. गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला, पण आडवा व्रण दिसायचा तो दिसतच होता. बाईने हात लांब करून फोन पुढे धरला आणि स्वतः दोन पावलं मागेच राहिली.

"मॅडम, हा आवाज तुमचाच ना?"

पडद्यावर सूर्योदय, गुलाबाचं फूल, आणि मागे शाइस्ताचा आवाज, तासाला असतो तसा खणखणीत. "कितीही दिवस जाऊ द्या, कितीही महिने जाऊ द्या. शून्य कधीच होत नाही. अर्ध्याचं अर्धं उरतंच." अकरा सेकंद. पुढे काही नाही.

"माझाच आहे. का हो, काय झालं?"

"काय झालं इचारता? आग लावून देल्ली तुमी गावात, आन् मले इचारता काय झालं!"

शाइस्ताचे कान तापले. अशा बोलण्याची त्यांना सवय नव्हती. पण बाईच्या पोलक्यावर हळदीचे ताजे डाग होते, म्हणून त्यांनी आधी ऐकून घ्यायचं ठरवलं. मग अन्नपूर्णाबाईने सगळं सांगितलं. खड्ड्यापासून सुरू केलं आणि उलट मागे मागे गेली.

गळ्याला गाठ आली होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाठ कॅन्सरची निघाली. उरलीसुरली थायरॉइड जाळायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली, दहा जूनला. तीन दिवस एकटीला बंद खोलीत ठेवलं. जेवण दारात ठेवून माणूस निघून जायचा. घरी सोडताना कार्ड दिलं, त्यावर लिहिलं होतं की दोन आठवडे लहान लेकरांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहायचं, भांडी वेगळी, पाणी भरपूर. बाई दोन आठवड्यांवर थांबली नाही. तीन आठवडे मळ्यातल्या खोलीत राहिली. आणि का राहिली, हे ज्याने विचारलं त्याला खरंखरं सांगितलं.

"लपवलं असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "मावशीच्या घरी गेली व्हती, असं सांगून देलं असतं. कोनाले काय समजलं असतं? पन म्या इचार केला, लेकरायचा मामला हाय. सांगतलेलं बरं."

जुलैपासून ती परत चुलीवर होती. कोणी काही म्हटलं नाही. मग रविवारी रात्री ही अकरा सेकंदं गावाच्या ग्रुपवर आली. खाली कोणीतरी लिहिलं, 'शाळेतल्या बाईचं पण हेच आहे. कॉलेजच्या मॅडमच सांगतात, कधीच संपत नाही.'

शाइस्ताने बोटांवर मोजलं. जूनचे वीस, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे एकोणतीस. ऐंशी. आणि त्या ऐंशीवर त्या चिडल्या. कारण त्या आयोडीनची हाफ लाइफ आठ दिवसांची, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, आणि आज बरोबर दहावी खेप पुरी झाली होती. हेच उदाहरण त्यांनी त्या तासाला फळ्यावर सोडवलं होतं. अकराव्या सेकंदानंतरचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. 'पण दहा हाफ लाइफनंतर हजारातला एक भाग उरतो, आणि व्यवहारात आपण ते संपलं असं धरतो.'

"मावशी, ऐका. आयोडीनचा तो अणू अस्थिर असतो. त्याच्या गाभ्यातून एक कण बाहेर फेकला जातो, किरण निघतात, आणि तो दुसराच अणू होऊन बसतो, झेनॉनचा. मग गप्प. परत कधी काही फेकत नाही. आठ दिवसांत निम्मे अणू असे गप्प होतात. पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यातले निम्मे."

"म्हंजे भाकरीची अर्धी, अर्धीची चतकोर?"

"हो. असं दहा वेळा."

अन्नपूर्णाबाईने मनातल्या मनात भाकर मोडली. "मंग तं चिमनीलेही पुरनार नाई."

"नाहीच पुरणार. आणि तुमच्या अंगातलं बहुतेक तर पहिल्या तीन दिवसांत लघवीतूनच गेलं. शिवाय हा काही ताप-खोकला नाही, एकाचा दुसऱ्याला व्हायला. खिचडीला तर तुमच्या जवळ असण्यानं काहीच होत नाही."

"मंग द्या ना लिहून. शून्य झालं म्हना. शनवारी चार वाजता मिटिंग हाय. तवा माहं नाव काटनार हायेत."

शाइस्ता शब्द मोजून बोलल्या. "त्रास होईल एवढं उरलेलं नाही, असं लिहून देते."

"ते 'एवढं' गावाले नाई समजत, मॅडम. शून्य समजते."

बाई गेली. शाइस्ता परत लॅबमध्ये आल्या. प्रतीक्षा अजून वही पुरी करत बसली होती. धामणखेडची बस पहिल्या तासाला पोचत नाही, अर्धा वर्ग रिकामा राहतो, म्हणून शाइस्तानेच दोन वर्षांपूर्वी नियम केला होता की पहिल्या बाकावरच्याने फोन ठेवायचा, तास रेकॉर्ड करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. यंदा ते काम प्रतीक्षाकडे होतं. प्रतीक्षा उकंडरावांची धाकटी मुलगी, पण ती जानेफळलाच होस्टेलवर राहायची.

"हे तू कापलंस?"

पोरीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, मी फक्त स्टेटसला ठेवलं होतं. मला ते वाक्य आवडलं. 'शून्य कधीच होत नाही.' मोटिव्हेशनल वाटलं मला."

"मोटिव्हेशनल!"

"बाबांनी माझं स्टेटस पाहिलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, खूश होतील." मग ती रडायला लागली.

शाइस्ताला तिला रागवायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण हुशार, कष्टाळू पोरगी, शिक्षिकेचं वाक्य गुलाबाच्या फुलावर चिकटवून मिरवणारी. हिला काय बोलायचं? राग परत गिळावा लागला, आणि तो जाईना.

बुधवारी राखीची सुट्टी. शाइस्ता स्कूटी काढून धामणखेडला गेल्या. फाट्यावर उकंडरावांचं कृषी केंद्र होतं, दाराशी खतांच्या गोण्यांची थप्पी. हातात दोन राख्या बांधलेले उकंडराव काउंटरमागे बसले होते. वय साठीच्या पुढे, बोलायला गोड, गावात शब्दाला मान. त्यांचा नातू दुसरीत होता आणि त्याच शाळेत जेवत होता.

"या मॅडम, या! आमच्या प्रतीक्षाच्या मॅडम ना तुमी? पोरगी लय गुन गाते तुमचे. चहा सांगू?"

"चहा नको, दादा. त्या व्हिडिओचं बोलायला आलेय. तो अर्धाच आहे."

"अर्धा हाय, पन खोटा हाय काय?"

"खोटा नाही."

"झालं तं मंग."

शाइस्ताने पिशवीतून कागद काढला, रात्री बसून लिहिलेला. अन्नपूर्णाबाईंच्या शरीरात सध्या धोका होईल इतकं किरणोत्सारी द्रव्य असण्याची शक्यता नाही, असं त्यात होतं, खाली गणित, खाली सही. उकंडरावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि बोट ठेवलं.

"हे 'शक्यता नाही' काय भानगड हाय? हाय का नाई, एक सांगा."

"शास्त्रात असंच लिहितात."

"मॅडम, म्या फवारनीचं औषध इकतो. बाटलीवर लिवलं असते, फवारल्यावर इतके दिवस फळ तोडू नका. ते दिवस सरले का म्या गिऱ्हाइकाले सांगतो, आता खा. तसं सांगा तुमी. तुमी तं सांगूनच नाई राह्यल्या!"

"सांगतेय ना! खा! दोन आठवड्यांनंतरच खाता आलं असतं. बाई ऐंशी दिवसांच्या पुढे आहे."

"मंग लिवा शून्य."

"शून्य कुठलंच नसतं, दादा. तुमच्या त्या औषधाचंसुद्धा फळावर शून्य होत नाही."

हे बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी आहेत. उकंडरावांचा आवाज बदलला.

"माह्या दुकानात उभ्या राहून माह्या मालाले नावं ठिवता काय? तुमचं शिक्षन मोठं, आमी अडानी. पन माहा नातू तिथी जेवते. तुमचं लेकरू जेवते काय तिथी?"

शाइस्ता बाहेर आल्या. स्कूटीला किक मारताना त्यांना कळलं की आपण दात इतके आवळलेत की कानशिलं दुखतायत. म्हातारा खोटारडा असता तर सोपं होतं. तो खरंच घाबरलेला होता.

परतताना त्या अन्नपूर्णाबाईच्या घरावरून गेल्या. बाई ओट्यावर बसली होती, मांडीवर राखी, ताटात कुंकू तसंच.

"भाऊ आला नाही?"

"भावजयीचा फोन आला. म्हने, औंदा पोष्टानं पाठवा." ती हसली. "पोष्टमनाले भेव नाई लागत, असं दिसते."

गुरुवारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आपल्या अखत्यारीत येत नाही. शहरातल्या दवाखान्यात तीन फोन केल्यावर तंत्रज्ञ मिळाला. तो बिचारा सौजन्याने म्हणाला, "मॅडम, शून्याचा दाखला असं काही आम्ही देतच नाही. डिस्चार्ज कार्डावर दोन आठवडे लिहिलंय ना? तेच प्रमाणपत्र."

स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीचे जाकीर सर डबा खात होते. सगळं ऐकून त्यांनी चपातीचा घास हातातच धरला.

"अगं शाइस्ता, लिहून टाक ना शून्य. कोण मोजायला येणार आहे? बाईचं काम होतंय, तुझं काय जातंय?"

"खोटं लिहू?"

"हजारातला एक भाग पण नाही, म्हणतेस. मग किती खोटं? हजारातला एक भाग!"

स्टाफरूम हसली. शाइस्ता हसल्या नाहीत. "सर, उद्या त्या गावात दुसऱ्या कुणाला ही गोळी दिली, आणि तिसऱ्याच दिवशी, खरंच लांब राहायचं असतं तेव्हा, लोक म्हणाले की मॅडम तर शून्य लिहून देतात? मग?"

"मग तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता एका बाईचं नाव जातंय आणि तू आपली दशांश चिन्हं सांभाळतेयस."

हे लागलं. दुपारभर लागत राहिलं. तीन वाजता त्यांनी कोरा कागद घेऊन 'शून्य' हा शब्द लिहूनही पाहिला. मग त्या कागदाचे चार तुकडे केले आणि मेहकरच्या एका डिग्री कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन लावला. तिथल्या बी.एस्सी.च्या लॅबमध्ये किरणोत्सार मोजणारा गायगर कौंटर होता. मनातल्या मनात त्या जाकीर सरांना म्हणाल्या, कोण मोजायला येणार, असं विचारता ना? मीच येते.

शनिवार, दोन सप्टेंबर. दुपारी चार. शाळेचा चौथीचा वर्ग. सतरंजीवर समितीचे नऊ जण, इंद्रभान सरांच्या परवानगीने निमंत्रित म्हणून आलेल्या शाइस्ता, खिडक्यांत पालक, दाराबाहेर पायरीवर अन्नपूर्णाबाई. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. शाइस्तानेच हाताला धरून आत आणलं, तशी पुढच्या बायांनी पदर आवरले.

कौंटर म्हणजे आकडे दाखवणारी पेटी आणि वायरने जोडलेली बोटाएवढी नळी. शाइस्ताने बटण दाबलं. टिक. थोडं थांबून टिक, टिक. खिडकीतला एक जण मागे सरकला आणि ओरडला, "आलं बे, आलं! बाईतून आलं!"

"बाई अजून लांब आहेत. नळीचं तोंड भिंतीकडे आहे," शाइस्ता म्हणाल्या. "हे भिंतीतून येतंय, जमिनीतून येतंय, आकाशातून येतंय. रोज येतं. तुम्ही जन्मलात तेव्हाही येत होतं."

एक मिनिट मोजलं. वीस. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'रिकामी खोली २०'. मग अन्नपूर्णाबाईला बाकावर बसवून नळी गळ्यासमोर, वीतभर अंतरावर धरली. बाईने डोळे मिटले होते. मिनिट संपलं. एकवीस.

"एक वाढला!" इंद्रभान सर म्हणाले.

"सर, पाऊस मोजल्यासारखं आहे हे. एका मिनिटाला पत्र्यावर वीस थेंब पडतात, पुढच्या मिनिटाला एकवीस, त्याच्या पुढच्याला अठरा. या, तुम्ही बसा."

इंद्रभान सर अठरा. पोलीस पाटील बावीस. शाइस्ता स्वतः एकोणीस. मग कोणीतरी मागून म्हटलं, "अध्यक्षायले बसवा!" आणि हशा पिकला. उकंडराव ऐटीत बसले. मिनिट संपलं. चोवीस.

खिडक्या फुटतील असं लोक हसले. "दादा, तुमीच निंगाले बापा!" "काकी, आजपासून दादाचं ताट येगळं वाढा!" "दादाले मळ्यात पाठवा एकवीस दिवस!"

शाइस्ताने तिथे थांबायला हवं होतं. नंतर त्यांनाही ते कळलं. पण चार दिवसांचा राग अंगात होता आणि हशा बाजूने होता. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली.

"हे पोटॅश. परवा दादांच्याच दुकानातून मागवलंय. झाडाला लागतं, केळ्यात असतं, तुमच्या-माझ्या रक्तात असतं. यातलं थोडं पोटॅशियम मुळातच किरणोत्सारी असतं. पृथ्वीवर पहिल्यापासून आहे." नळी पुडीवर टेकवली. टिकटिक एकदम दाट झाली. मिनिटाला अठ्ठावन्न. "बाई एकवीस. तुमचं खत अठ्ठावन्न. त्या खताच्या गोण्यांना पाठ टेकून दादा रोज दुपारी झोपतात, आणि त्यांना काही झालेलं नाही. आता सांगा, कोणाला खड्ड्यात टाकायचं?"

या वेळी कोणी हसलं नाही. खरीप अजून उभा होता, घरोघरी गोण्या होत्या. एका बाईने शेजारणीला हळूच विचारलं, "म्हंजे आपल्या घरातबी हाय?" उकंडराव उठले. मान लाल झाली होती.

"सर, ठराव मांडा," ते म्हणाले. "मॅडम, एकच इचारतो. बाईचा आकडा शून्य आला का? हो का नाई?"

"कोणाचाच शून्य..."

"हो का नाई?"

"नाही."

"लिवा सर."

इंद्रभान सरांनी इतिवृत्ताचं रजिस्टर मांडीवर घेतलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. "सभेसमोर यंत्राद्वारे मोजमाप घेण्यात आले. श्रीमती अन्नपूर्णाबाई यांचे मोजमाप एकवीस आले. शून्य आले नाही. पुढील कार्यवाहीसाठी प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावे, तोपर्यंत त्यांना स्वयंपाकाच्या कामापासून दूर ठेवावे, असे सर्वानुमते ठरले."

त्या चार ओळींतलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यांच्या अकरा सेकंदांतलंही नव्हतं.

"सर, बाकीच्यांचे आकडे?"

"मॅडम, विषयपत्रिकेवर एकच नाव आहे. इतरांचे कसे घेणार?"

"तुमचे अठरा! दादांचे चोवीस! खोलीचे वीस! ते लिहिल्याशिवाय एकवीसला काय अर्थ आहे?"

"तुम्ही निमंत्रित आहात. निमंत्रितांचं म्हणणं घेता येतं, आकडे नाही घेता येत."

"मग म्हणणं घ्या!" शाइस्ताने त्यांच्या मांडीवरून रजिस्टर ओढलं. बाया "अवं!" म्हणाल्या. पोलीस पाटील अर्धे उठले आणि परत बसले. शाइस्ताने उभ्या उभ्या, इंद्रभान सरांच्या सुरेख अक्षराखाली, फळ्यावरचं सगळं उतरवलं. रिकामी खोली वीस. अन्नपूर्णाबाई एकवीस. मुख्याध्यापक अठरा. पोलीस पाटील बावीस. शाइस्ता एकोणीस. अध्यक्ष चोवीस. पोटॅश खत अठ्ठावन्न. खाली लिहिलं, 'कोणाचेही मोजमाप शून्य आलेले नाही, येणे शक्य नाही.' सही केली, तारीख टाकली. पेनचं टोक कागदात रुतलं होतं.

"पान खराब केलंत, मॅडम," इंद्रभान सर हळूच म्हणाले. "आता फाडताही येत नाही. पानांना नंबर आहेत."

बाहेर पडताना अन्नपूर्णाबाई त्यांच्या बाजूने चालत होती, या वेळी दोन पावलं मागे नाही. फाटा आला. मग म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट सांगू? राग नका येऊ देऊ."

"सांगा ना."

"तुमी खरं बोलल्या. पन लोक हासले तवाच माहं काम झालं व्हतं. त्यायले घरी जाऊ द्या लागत व्हतं. तुमाले दादाले हारवाचं व्हतं."

स्कूटी चालू करून शाइस्ता पुलापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि हॅन्डलवर मूठ आपटली. राग कोणावर, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. उकंडरावांवर होता, त्या सुरेख अक्षरावर होता, आणि बाई म्हणाली ते बरोबर होतं यावर सगळ्यात जास्त.

रजिस्टरचं ते पान, दोन्ही अक्षरांसकट, झेरॉक्स होऊन वर गेलं. वर ते कोणी कसं वाचलं, माहीत नाही. सोमवारी, अकरा सप्टेंबरला शाळेत उत्तर आलं. इंद्रभान सरांनी ते फोनवर शाइस्ताला वाचून दाखवलं. 'सोबतच्या यादीतील ज्या व्यक्तींचे मोजमाप शून्यापेक्षा अधिक आढळले आहे, त्या सर्वांना सक्षम प्राधिकाऱ्याचा शून्य किरणोत्साराचा दाखला सादर करेपर्यंत शाळेच्या स्वयंपाकगृहात व आवारात प्रवेश देऊ नये.'

"सर्वांना, मॅडम," इंद्रभान सर म्हणाले. "मी अठरा आहे ना. मी फाटकाबाहेर उभा राहून बोलतोय."

"आणि दादा?"

"दादा म्हणतात, हे तुमचंच काम. नातवाले भेटायले शाळेत येऊ नाई देत म्हंते सरकार, म्हणून आज ओरडत होते." मग त्यांनी विचारलं, "मॅडम, सक्षम प्राधिकारी म्हणजे कोण? तुम्हाला माहीत आहे?"

"असा कोणी नसतो, सर."

"मग उत्तर काय लिहू?"

"आता विचारता?" शाइस्ता म्हणाल्या. "तेव्हा पूर्ण लिहिलं असतं तर?" आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांनी अन्नपूर्णाबाईला फोन लावला. पत्राचं सांगितलं. वाटलं होतं, बाई हसेल. ती हसली नाही.

"दवाखान्याचा फोन आला व्हता आज. डिसेंबरात तपासनीले बोलावलं. परत थोडीशी गोळी द्या लागते म्हंते, फोटू काढाले. थोडीशीच."

"हो, ती स्कॅनसाठी असते. अगदी कमी. जायलाच हवं, मावशी. कुठे काही उरलंय का, ते त्यातच दिसतं."

"आन् मंग पुन्हा मोजाचं? पुन्हा ऐंशी दिवस?"

"नाही, इतके नाही लागणार. मी सांगते किती ते. मी गावाला सांगते."



"तुमी नका सांगू," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

मंगळवार, बारा सप्टेंबर, दुपारपर्यंतची स्थिती अशी. चूल पेटलेली नाही. पोरांना बिस्किटाचे पुडे मिळाले. पत्राला उत्तर गेलेलं नाही. तपासणीची तारीख अकरा डिसेंबर आहे. येणार की नाही, हे दवाखान्याला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. अन्नपूर्णाबाईचा फोन सकाळपासून बंद आहे.